नागपूरची मध्यरात्रीची डाक



माझी एक पुतणी सिंगापुरास असते. गेल्या दिवाळींत ती दारव्ह्यास आली होती. बोलतां बोलतां तिनें सांगितलें कीं, नोकरीच्या कामासाठीं आपल्याला वरचेवर क्वालालंपुरास जावें लागतें आणि विमानाला तास लागतो. मी जन्माचा शाळामास्तर. कोणी अंतर न सांगतां नुसता वेळ सांगितला कीं मला चैन पडत नाहीं. माझ्या टेबलावर पृथ्वीचा एक जुना गोल आहे. त्यावर दोरा ताणून आणि अक्षांश-रेखांशांचें गणित मांडून मीं पाहिलें, तों त्या दोन विमानतळांमधील सरळ अंतर ३०० किलोमीटरांच्या आंतच निघालें. आजचें जेट विमान एकदां उंचावर गेलें कीं ताशीं ८०० किलोमीटर सहज कापतें. त्या हिशेबानें हें पंचवीस मिनिटांचेंही काम नव्हे. मग तासांतला उरलेला वेळ कोठें गेला?

पुतणी हंसली. म्हणाली, “काका, विमान जागेवरून हललें कीं वेळ सुरू, आणि दुसऱ्या गांवीं जागेवर जाऊन उभें राहिलें कीं वेळ संपला. मधल्या रांगा, चढणें, उतरणें, वळणें सगळें त्यांतच. आणि माझ्या घराच्या दारापासून तिकडच्या कचेरीच्या दारापर्यंत धराल, तर अर्धा दिवस जातो!”

तिच्या ह्या उत्तरानें मला एका जुन्या गोष्टीची आठवण झाली, आणि तीच आज आपणांस सांगावयाची आहे. विमानविद्येचा इतिहास लिहिणारे बहुधा वेगाचा इतिहास लिहितात. अमुक सालीं अमुक विमान ताशीं इतकें गेलें, मग त्याहून जलद दुसरें आलें, वगैरे. परंतु दोन गांवांमधला वेळ वेगानें जितका कमी होतो, तितकाच किंबहुना त्याहून अधिक तो व्यवस्थेनें कमी होतो. आणि व्यवस्था ढिली पडली, तर आकाशांत वांचविलेले तास जमिनीवर सांडून जातात. ह्याचा प्रत्यक्ष दाखला आपल्या विदर्भांत, नागपुरास, सुमारें पाव शतक रोज मध्यरात्रीं पाहावयास मिळत होता.

प्रथम थोडें मागें जाऊं. हिंदुस्थानांत विमानानें टपाल नेण्याचा पहिला प्रयोग १८ फेब्रुवारी १९११ रोजीं अलाहाबादेस झाला. तेथें प्रदर्शन भरलें होतें, आणि त्यासाठीं आलेल्या आंरी पेके नांवाच्या तरुण फ्रेंच वैमानिकानें सुमारें साडेसहा हजार पत्रें घेऊन यमुनेपलीकडील नैनी गांठलें. जगांतील पहिलें अधिकृत विमानटपाल असा त्याचा लौकिक आहे. अंतर म्हणाल तर सहा मैल! इतकें काम एखाद्या सायकलवाल्या पोस्टमननेंही त्याच दिवशीं उरकलें असतें. पण पहिलेपणाचा मान तो पहिलेपणाचाच. पुढें १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा हे एका इंजिनाचें पस मॉथ जातीचें लहान विमान स्वतः चालवीत कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस जुहू येथें उतरले, आणि तेथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं बेळ्ळारीमार्गें मद्रासकडे टपाल नेलें. विलायतेहून कराचीपर्यंत आलेलें टपाल पुढें जलद पोंचवावें, हा त्यांतील हेतु. हें सर्व काम दिवसाउजेडीं चाले. उजाडलें कीं उडावें आणि अंधार पडण्यापूर्वीं जमिनीवर यावें, ही त्या काळची रीत.

आतां ह्या रीतींत एक मोठी गोम आहे, ती नीट ध्यानांत घेतली पाहिजे. माणसें पत्रें केव्हां लिहितात? व्यापारी आणि कचेऱ्या यांचीं पत्रें दिवसभर लिहून होतात आणि सायंकाळीं पेटींत पडतात. टपालाचें विमान जर सकाळीं निघणार असेल, तर तें पत्र रात्रभर थैलींत नुसतें पडून राहणार. सकाळीं तें उडालें आणि दुपारीं दुसऱ्या शहरीं उतरलें, तरी तोंपर्यंत त्या शहरांतील सकाळची वांटणी होऊन गेलेली असते. बऱ्याच वेळां पत्र मालकाच्या हातीं पडावयास तिसरा दिवस उजाडतो. म्हणजे चार तासांच्या उड्डाणासाठीं मागें बारा तास आणि पुढें बारा तास वाट पाहणें आलें. आगगाडीची गोष्ट तशी नाहीं. ती रात्रीं धांवते. माणूस झोंपलेला असतांना पत्र चालतें, हाच आगगाडीच्या टपालाचा खरा फायदा होता. विमानानेंही रात्रीं उडावें, म्हणजे झालें.

परंतु तें होणार कसें? आणि कोणाच्या जोरावर? येथें युद्धाचा संबंध येतो. दुसऱ्या महायुद्धांत डकोटा जातीचीं दोन इंजिनांचीं विमानें ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सैन्याला रसद पोंचवीत होतीं आणि आसामांतून हिमालयाचे कडे ओलांडून चीनकडे माल नेत होतीं. युद्ध संपल्यावर अशीं पुष्कळ विमानें जादा म्हणून विक्रीस निघालीं. तीं स्वस्तांत मिळालीं, त्यामुळें आपल्या देशांत विमानकंपन्यांचें पेंव फुटलें. कंपन्या झाल्या, विमानें झालीं, युद्धांत तयार झालेले वैमानिकही होते. नव्हते ते उतारू. त्या काळीं विमानाचें तिकीट काढणारे किती असावयाचे! कंपन्या तोट्यांत बुडूं लागल्या. त्या वेळचे दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांनीं ह्या दोन अडचणी एकमेकींच्या गळ्यांत बांधल्या. रिकाम्या विमानांना टपालाचें काम द्यावयाचें, आणि टपालाला रात्रीचें विमान द्यावयाचें. जानेवारी १९४९ च्या अखेरीस रात्रीच्या विमानटपालाची सेवा सुरू झाली. मध्यंतरीं कांहीं महिन्यांतच तींत खंड पडला. परंतु त्याच वर्षीं हिमालयन एव्हिएशन ह्या कंपनीनें तें काम हातीं घेऊन सेवा पुन्हां उभी केली. त्याच वर्षाच्या १ एप्रिलपासून टपालखात्यानें दुसरीही एक मोठी गोष्ट केली होती. देशांतल्या देशांत जाणारीं साधीं पत्रें, विमानानें लौकर जात असतील तर, जादा आकार न घेतां विमानानेंच न्यावयाचीं असें ठरलें. त्यापूर्वीं विमानाचें पत्र म्हणजे श्रीमंताचें पत्र होतें. ह्या निर्णयानें तें सर्वांचें झालें. माझ्या मतें स्वातंत्र्याच्या पहिल्या दोन वर्षांत सामान्य माणसाच्या पदरीं थेट पडलेल्या ज्या थोड्या गोष्टी आहेत, त्यांत हिची गणना करावयास हरकत नाहीं; पण इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत हिचा उल्लेख मला शिकवितांना कधीं आढळला नाहीं.

योजना अशी होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ह्या चार शहरांतून रोज रात्रीं एक एक विमान निघावयाचें आणि चौघांनीं मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास सोनेगावच्या विमानतळावर उतरावयाचें. तेथें थैल्यांची अदलाबदल करावयाची, आणि दुसऱ्या तीन शहरांच्या थैल्या घेऊन प्रत्येकानें पहाटेपर्यंत आपल्या गांवीं परतावयाचें.

नागपूरच कां? नागपुरास मध्यभागीं एक शून्य मैलाचा दगड आहे आणि हाच देशाचा मध्य असें आम्ही विदर्भांतले लोक मोठ्या अभिमानानें सांगतों. अभिमानाची गोष्ट सोडून द्या. आपण दोऱ्यानें पाहूं. नकाशावर मुंबई आणि कलकत्ता यांमध्यें दोरा ताणा. दुसरा दोरा दिल्ली आणि मद्रास यांमध्यें ताणा. हे दोन दोरे जेथें एकमेकांना छेदतात, तेथें बोट ठेवलें तर बोटाखालीं नागपूर येतें. हीं चार शहरें म्हणजे एका वांकड्या चौकोनाचे चार कोन, आणि नागपूर हा त्याच्या दोन कर्णांचा छेदनबिंदु. सोनेगावपासून मुंबई सरळ रेषेंत सुमारें ६८० किलोमीटर, दिल्ली ८५५, मद्रास ९१०, आणि कलकत्ता ९८५. मुंबईहून कलकत्त्यास थेट गेलें तरी साधारण तितकेंच अंतर पडतें, जितकें नागपुरावरून गेल्यानें पडतें. दिल्ली-मद्रासचीही तीच गोष्ट. म्हणजे ह्या दोन जोड्यांना वाटेंत नागपुरास उतरण्यानें अंतराचा कांहींच दंड बसत नाहीं.

दंड बसतो तो चौकोनाच्या बाजूंना. मुंबई-दिल्ली थेट अंतर ११४० किलोमीटर, तें नागपुरावरून दीड हजारांवर जातें. मुंबई-मद्रास १०३५ चें सुमारें १५९० होतें. दिल्ली-कलकत्ता आणि कलकत्ता-मद्रास यांनाही पांचपांचशें किलोमीटरांचा वळसा पडतो. मग कोणी शहाणा विचारील, कीं हा वळसा कशाला? प्रत्येक दोन शहरांमध्यें थेट विमान कां सोडूं नये? ह्याचें उत्तर सातवींतल्या मुलाला देतां येईल असें आहे, आणि मीं तें वर्गांत अनेकदां करून घेतलें आहे. चार शहरांच्या जोड्या होतात सहा. प्रत्येक जोडींत जाणें आणि येणें मिळून रोज बारा उड्डाणें, आणि त्यांची लांबी भरते सुमारें १६,६०० किलोमीटर. तेंच नागपुरावरून केलें तर चार विमानें, आठ उड्डाणें, आणि अंतर अवघें ६,९०० च्या आंत. निम्म्याहूनही कमी! थैल्यांचा वळसा वाढला, पण विमानांचा प्रवास घटला. मुलांना हें उत्तर प्रथम खोटें वाटे. मग तीं पुन्हां बेरीज करीत, आणि उत्तर तेंच येई.

आतां वेळ. डकोटा विमान ताशीं अडीचशें ते पावणेतीनशें किलोमीटर जाई. मधला आंकडा २६० धरूं. मुंबईच्या विमानाला नागपुरास यावयास अडीच तासांच्या थोडें वर लागेल. दिल्लीच्या विमानाला सव्वातीन तास, मद्रासच्या साडेतीन, आणि कलकत्त्याच्या पावणेचार. चौघांनीं बाराच्या ठोक्याला जमावयाचें असेल तर कलकत्त्याच्या विमानानें सव्वाआठास निघालें पाहिजे, आणि मुंबईचें नऊ वाजेपर्यंत स्वस्थ बसलें तरी चालेल. एक वाजतां सर्व परत निघाले, तर पांचाच्या आंत सारे आपापल्या गांवीं. हें माझें शाळेंतलें गणित आहे, कंपनीचें वेळापत्रक नव्हे; वारा, ढग, इंधन भरणें हें सर्व मीं सोडून दिलें आहे. परंतु त्यावरून तत्त्व कळतें. सायंकाळीं मद्रासेस टाकलेलें पत्र उजाडण्यापूर्वीं दिल्लीच्या टपालकचेरींत, आणि सकाळच्या वांटणींत मालकाच्या हातीं. आगगाडीनें त्याच पत्राला दोन दिवस लागत. विमानाचा वेग त्यांत किती मोलाचा होता हें उघडच आहे. परंतु तें विमान सकाळीं नऊला निघतें तर हा चमत्कार झाला नसता, आणि नागपुरास चौघे वेगवेगळ्या वेळीं पोंचते तरीही झाला नसता. सगळी करामत त्या मध्यरात्रीच्या एका तासांत होती.

त्या तासाचें वर्णन मीं एका निवृत्त टपालनोकरापासून ऐकलेलें आहे. गांव झोंपलेलें असे. सोनेगावच्या माळावर धावपट्टीच्या दोन्हीं कडांना दिवे लागलेले असत, आणि चार दिशांकडून एकेक घरघर जवळ येई. एक विमान उतरून बाजूला होतें न होतें, तों दुसऱ्याचे दिवे दिसूं लागत. मग हातगाड्या निघत. हिरव्या-पांढऱ्या गोण्या, त्यांवरील चिठ्ठ्या कंदिलाच्या उजेडांत वाचणारे लोक, मोठ्यानें पुकारलेलीं शहरांचीं नांवें. कलकत्त्याच्या थैल्या मद्रासच्या विमानांत, मद्रासच्या मुंबईच्या विमानांत. एक थैली चुकली तर हजारों पत्रें भलत्याच शहरीं उजाडावयाचीं! ह्या विमानांतून कांहीं उतारूही जात. रात्रीचें भाडें कमी असे. ते बिचारे जांभया देत चहा पीत बसत आणि आपलें नवें विमान कोणतें हें विचारीत फिरत. तास-दीड तासानें पुन्हां सगळें सामसूम.

हें काम जोखमीचें होतें, हें मात्र विसरतां कामा नये. आज रात्रीं विमान उडतें ह्याचें कोणास नवल वाटत नाहीं. पण त्या काळीं पावसाळ्याच्या काळोखांत, सातपुड्यावरून आणि छत्तीसगडच्या अरण्यावरून, दोन पंख्यांच्या विमानानें रोज ठरल्या वेळीं येणें म्हणजे छातीचें काम होतें. १ ऑगस्ट १९५३ रोजीं विमानकंपन्यांचें राष्ट्रीयीकरण होऊन ही सेवा इंडियन एअरलाइन्सकडे आली, आणि त्याच वर्षाच्या १२ डिसेंबरला रात्रीं सोनेगावहून उडालेलें एक डकोटा लगेच कोसळलें. त्यांतील प्रवासी प्राणास मुकले; त्यांत कामगारांचे पुढारी हरिहरनाथ शास्त्री हेही होते. दुसऱ्या रात्रीं विमानें पुन्हां उडालीं असतील, तेव्हां त्या वैमानिकांच्या मनांत काय आलें असेल, ह्याचा मी पुष्कळदां विचार करतों.

येथवर नागपूरची कथा झाली. आतां दारव्ह्याची सांगतों. कारण अंतर आणि वेळ ह्यांचा मूळ प्रश्न मला तेथेंच भेटला.

दारव्हा नागपुराहून सरळ रेषेंत १६० किलोमीटर आहे. डकोटा विमानाला हें अंतर कापावयास चाळीस मिनिटेंही पुरतीं. पण दारव्ह्यास विमान कशाला येतें! आमच्याकडे होती ती मूर्तिजापूर-यवतमाळची अडीच फुटी रुळांची आगगाडी. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीनें वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या मोठ्या रुळांपर्यंत नेण्यासाठीं हा ११३ किलोमीटरांचा मार्ग बांधला. देशांतील रेल्वे सरकारच्या मालकीची झाल्यावरही हा रूळ त्या कंपनीचाच राहिला. ह्या गाडीला लोक लाडानें शकुंतला म्हणत. मँचेस्टर येथें १९२१ सालीं बनलेलें तिचें वाफेचें इंजिन १९९४ सालापर्यंत खपलें, मग डिझेल आलें. आज ती गाडी चालत नाहीं. दारव्हा-मोतीबाग स्थानकावर लहानपणीं आम्हीं तिची वाट पाहण्यांत घालविलेले तास मोजले, तर कांहीं महिने भरतील. पण त्याविषयीं तक्रार नाहीं. ती बैलगाडीहून जलद होती, आणि कापसाला तेवढें पुरत होतें.

तर नागपुरास मध्यरात्रीं आलेल्या थैलींतलें दारव्ह्याचें पत्र कसें येई? सकाळीं नागपुरास त्याची निवड होई. मग मोठ्या रुळावरून पश्चिमेकडे मूर्तिजापूर. तेथें उतरून छोट्या गाडीची वाट. मग कारंज्यावरून दारव्हा. किंवा धामणगांवास उतरून मोटारीनें यवतमाळ आणि तेथून इकडे. प्रत्येक ठिकाणीं एक थैली उघडावयाची, दुसरी बांधावयाची, आणि पुढचें वाहन येईपर्यंत थांबावयाचें. नागपुरास चार विमानें एकमेकांसाठीं थांबत. आमच्या वाटेवर कोणतेंच वाहन दुसऱ्यासाठीं थांबत नसे.

लहानपणीं आम्ही मुलें उन्हाळ्यांत गच्चीवर निजत असूं. रात्रीं एखादा हलता तारा दिसला कीं कोणीतरी ओरडे, “डाकेचें विमान चाललें!” मोठेपणीं मीं हिशेब केला, तेव्हां दिसून आलें कीं मुंबई-नागपूरची सरळ रेषा दारव्ह्याच्या उत्तरेस चाळीस किलोमीटरांवरून जाते. म्हणजे आम्ही पाहत होतों तें दुसरेंच कांहीं असावें. मोठेपणीं हिशेब करण्याचे असे तोटे असतात.

माझे थोरले काका कलकत्त्यास एका जूट गिरणीच्या कचेरींत होते. वडील दारव्ह्यास जिनिंगमध्यें कारकून. दोघां भावांचा पत्रव्यवहार नियमित. काकांना तार करणें आवडत नसे, कारण घरीं तार आली कीं माझी आजी ती उघडण्यापूर्वींच आकांत मांडी. तार म्हणजे मरणाची बातमी, ही तिची समजूत. १९७० सालच्या ऑगस्टांत काकांना पोटाच्या दुखण्यासाठीं शस्त्रक्रिया सांगितली. ती २२ तारखेस व्हावयाची होती. त्यांनीं १७ तारखेस वडिलांना पत्र लिहिलें, कीं घाबरण्यासारखें कांहीं नाहीं, पण त्यापूर्वीं तूं एकदां येऊन जा, कांहीं गोष्टी समक्ष बोलावयाच्या आहेत. हिशेबी माणूस होते. पत्र दोन दिवसांत पोंचेल, दीड दिवस प्रवासाला, म्हणजे भाऊ २१ ला आपल्याजवळ असेल, असा त्यांचा अदमास. आणि विमानाचा भाग त्यांनीं अगदीं बरोबर धरला होता.

तें पाकीट माझ्याजवळ आहे. त्या काळीं पत्र पोंचल्याचा शिक्का मागच्या बाजूस मारीत. पुढें कलकत्त्याचा शिक्का, १७ ऑगस्ट. मागें नागपूरचा, १८ ऑगस्ट. साडेनऊशेंहून अधिक किलोमीटर अंतर एका रात्रींत झालेलें आहे. त्याच्या शेजारीं दारव्ह्याचा शिक्का, २१ ऑगस्ट. एकशेंसाठ किलोमीटरांना तीन दिवस. मध्यें पाऊस फार होता, नाले भरले होते. पत्र नेमकें कोठें अडलें हें पाकिटावर लिहिलेलें नाहीं, आणि कोणास दोष द्यावा असेंही मला वाटत नाहीं. वडील त्याच संध्याकाळीं निघाले. ते कलकत्त्यास पोंचले तेव्हां २३ तारीख होती. काका आदल्या रात्रींच गेले होते.

समक्ष बोलावयाच्या त्या गोष्टी कोणत्या, हें आमच्या घरांत कधीं कोणास कळलें नाहीं. परत आल्यावर वडिलांनीं तें पाकीट उलटसुलट करून पाहिलें आणि इतकेंच म्हटलें, “नागपुरापर्यंत तर आलेंच होतें.” मी त्या वेळीं दहा वर्षांचा होतों. पुढें चाळीस वर्षें भूगोल शिकवितांना अंतर आणि वेळ हा धडा आला, कीं मला तें वाक्य आठवे.

रात्रीची डाक त्यानंतर फार वर्षें चालली नाहीं. जेट विमानें आलीं. मुंबईहून कलकत्त्यास नागपुरावर न थांबतां दोन-अडीच तासांत जाऊं लागलीं. इंधन महागलें. १९७३ च्या सुमारास सोनेगावची ती मध्यरात्र कायमची संपली. योगायोग पाहा, त्याच १९७३ सालीं अमेरिकेंत फेडरल एक्स्प्रेस नांवाच्या कंपनीनें मेम्फिस ह्या मध्यवर्ती शहरीं रात्रीं सगळीं विमानें एकत्र आणून पार्सलांची अदलाबदल करण्याचा धंदा सुरू केला. देशांत कोठेंही टाकलेलें पार्सल आधीं मेम्फिसला, मग मुक्कामीं. आज ती जगांतल्या मोठ्या वाहतूककंपन्यांपैकीं एक आहे, आणि व्यापाराच्या पुस्तकांतून ह्या युक्तीचें मोठें कौतुक असतें. आमच्या किडवाईसाहेबांनीं आणि त्या डकोटा चालविणाऱ्यांनीं ती चोवीस वर्षें आधीं, युद्धांतून उरलेल्या विमानांवर, करून दाखविली होती. आणि तीही पार्सलांसाठीं नव्हे, पंधरा पैशांच्या आंतल्या पत्रांसाठीं सुद्धां. नागपुरास आतां पुन्हां मोठें मालवाहतूक केंद्र व्हावें असे बेत बरींच वर्षें चालले आहेत. विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव आहे, धावपट्टी लांब झाली आहे, आणि सिंगापुराकडे जाणारीं कितीतरी विमानें नागपूरच्या नियंत्रणकक्षाशीं दोन शब्द बोलून वरच्या वर निघून जातात.

पुतणी परत गेली त्या दिवशीं आम्ही पहाटे चारला दारव्ह्याहून मोटारीनें निघालों. नागपूरचा विमानतळ गांठावयास चार तास लागले. तेथें दोन तास बसलों. विमान सुटल्यावर तिला मुंबईस दीड तास लागला, आणि मुंबईस पुढचें विमान रात्रीं होतें. दुसऱ्या दिवशीं तिनें कळविलें, कीं दारव्ह्याच्या घरापासून सिंगापुराच्या घरापर्यंत एकूण सत्तावीस तास झाले. त्यांत हवेंत सात-साडेसात. मीं तें पाकिटाशेजारीं वहींत टिपून ठेवलें आहे.